यादी बाजूला ठेवा, आधी शांताबाई वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एम.एड.च्या प्रबंधाला ‘शिक्षण, ओळख आणि सामाजिक न्याय’ हा विषय घेतलाय, सरांनी वीस इंग्रजी पुस्तकांची यादी हातात ठेवलीय, ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरेची तीस पानं वाचूनच डोकं जड झालंय. आणि सोलापुरातल्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईला याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारताय. मी सोलापूरच्याच पूर्व भागातल्या शाळेत सगळी नोकरी काढली. यातली बरीच पुस्तकं मी उशिरा वाचली आणि त्या उशिराची हळहळ अजून आहे. उपयोग आहे, खूप आहे. फक्त क्रम उलटा लावा.

सुरुवात शांताबाई कांबळेंच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या आत्मकथनापासून करा. १९८६चं पुस्तक. बाई आपल्याच जिल्ह्यातल्या, महूदच्या. जन्म १९२३चा, महार कुटुंबातला. १९४२ साली त्या जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. एका बैठकीत वाचून होईल, पण तसं वाचू नका. जिथे जिथे शाळा येते तिथे पेन्सिलीनं खूण करत जा. मुलगी कुठे बसते, कोण तिला काय म्हणतं, आणि पुढे तीच बाई झाल्यावर गाव तिच्याशी कसं वागतं. तुमच्या प्रबंधाचे निम्मे प्रश्न त्या खुणांमध्ये सापडतील.

मग एक दुपार काढून आपल्या सोलापुरातल्या सेटलमेंट वस्तीला जाऊन या. आपण ‘सेटलमेंट’ हा शब्द रिक्षावाल्याला पत्ता सांगताना वापरतो, पण तो आला कुठून? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेरी लावली, गिरणीत कामाला जुंपलं. त्यांच्या मुलांसाठी शाळाही होती, पण ‘सुधारण्या’साठी. कायदा रद्द झाला १९५२ साली. आणि याच सोलापुरात, ते कुंपण उभं असतानाच, जानेवारी १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं वसतिगृह काढलं, कारण खेड्यातून हायस्कूलला आलेल्या अस्पृश्य मुलाला शहरात राहायला जागा मिळत नव्हती. एकाच गावात, एकाच काळात, शिक्षण ही दोन अगदी वेगळी कामं करत होतं. एकीकडे माणसाला त्याची ‘लायकी’ शिकवायची, दुसरीकडे ती नाकारायचं बळ द्यायचं. तुमच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक याच दोन टोकांमध्ये कुठेतरी उभं आहे. हे मनाशी धरलंत की सिद्धान्ताची भीती जाते.

जोतीराव फुल्यांचं हंटर आयोगापुढचं, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, निवेदन यानंतर. १९ ऑक्टोबर १८८२. समग्र वाङ्मयात आहे आणि अगदी छोटं आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे ते आयोगाला तोंडावर सांगतात. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणतात, शिक्षक शेतकऱ्यांच्या घरातून यावेत म्हणतात. सामाजिक न्यायाचा प्रश्न त्यांनी थेट पैशांच्या हिशेबातून मांडला. हे आजच्या कितीतरी जाडजूड ग्रंथांना जमलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता फ्रेरे आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दिय. इथे मला एक वही आठवते. चौथीच्या वर्गात ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीनं सुंदर अक्षरात लिहिलं, ‘माझी आई शिक्षिका आहे. ती रोज तुळशीला पाणी घालते.’ गाइडातला निबंध, शब्द न् शब्द. वहीच्या पानांना तंबाखूचा वास येत होता, कारण आई शेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि पोरगी दोरा गुंडाळता गुंडाळता अभ्यास करायची. घरात बोलणं तेलुगूत. मी दहापैकी आठ गुण दिले आणि ‘छान’ लिहिलं. आपल्या आईबद्दल शाळेत लिहिण्यासारखं काही नाही, हे त्या मुलीनं नऊव्या वर्षी ओळखलं होतं, आणि माझ्या लाल शाईनं त्यावर सही केली.

बोर्दिय आणि पासरों यांचं ‘रिप्रॉडक्शन’ (१९७०) याचविषयी आहे. ठरावीक घरांतली भाषा आणि वळण शाळा ‘हुशारी’ म्हणून मोजते, आणि ज्यांच्या घरी ते नाही त्यांना स्वतःचीच कुवत कमी वाटायला लागते. पुस्तक फार कठीण आहे, पूर्ण वाचायचा हट्ट धरू नका. फ्रेरेचं ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ मात्र दुसऱ्या प्रकरणापासून उघडा. मुलाचं डोकं म्हणजे बँकेतलं खातं, मास्तरानं रक्कम भरायची आणि मुलानं ती जपायची, ही त्याची टीका तिथे आहे. ब्राझीलमधल्या निरक्षर मजुरांना शिकवताना त्यानं त्यांच्याच रोजच्या बोलण्यातले, कामातले शब्द धड्यासाठी निवडले होते. आपल्याकडे ते सूप, तेंदूपान, कारखाना असे असते. पहिलं प्रकरण नंतर वाचलंत तरी चालतं.

इंग्रजी संशोधनात शर्मिला रेगे यांचं ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) आधी घ्या. दलित स्त्रियांची आत्मकथनं हे नुसतं साहित्य नसून ज्ञानाचा पुरावा आहे, हे त्या उभं करतात. शांताबाई तिथे पुन्हा भेटतील, म्हणून इंग्रजीही सोपं जाईल. त्यानंतर शैलजा पाईक यांचं ‘दलित विमेन्स एज्युकेशन इन मॉडर्न इंडिया’ (२०१४). पुण्या-मुंबईतल्या दलित बायकांच्या मुलाखती आहेत. शिकल्यावर, वस्ती सोडून चांगल्या इमारतीत गेल्यावरही जात कशी पाठ सोडत नाही, ते त्यांच्याच तोंडून येतं. व्हेरोनिक बेनेई यांचं ‘स्कूलिंग पॅशन्स’ (२००८) कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांवर आहे. परिपाठ, प्रार्थना, शिवरायांचा इतिहास यांतून मुलांच्या अंगात राष्ट्र कसं भिनतं ते वाचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शाळेचा परिपाठ बघा.

यादीतली बाकीची पुस्तकं विषय पक्का झाल्यावर बघू. तुमच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असणार, त्यामुळे ‘ओळख’ हा शब्द नुसता जातीपुरता ठेवू नका. या आठवड्यात एवढंच करा: मुलांना ‘घरी कामाला लागणाऱ्या वस्तू’ लिहायला सांगा, घरच्या भाषेतली नावं चालतील असं आधीच सांगा, आणि त्या वह्या जपून ठेवा. शांताबाईंचं पुस्तक संपलं की इथेच लिहा, हंटर निवेदनावरची माझी टिपणं टाइप करून टाकतो.