'बायवीकली' आणि बुधवारचा बाजार

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: परदेशी खरेदीदारानं हंगामाच्या सुरुवातीला मालाचा 'बायवीकली' अहवाल मागितला. ताईंनी दोन आठवडे भरल्यावर पहिला अहवाल पाठवला. तिकडून तक्रार आली की आम्हाला आठवड्यातून दोनदा हवा होता. साहेबांनी बोल ताईंनाच लावला. आता त्यांचे प्रश्न दोन. चूक कोणाची? आणि या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

ताई, चूक तुमची नाही. इंग्रजी कोश उघडलात तर 'बायवीकली'खाली दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतील, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. 'बायमंथली'चंही तेच. लॅटिनमधून आलेला 'बाय' फक्त 'दोन' एवढंच बोलतो. दोन खेपा की दोन आठवडे, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. आणि फरक काही थोडाथोडका नाही. एका अर्थानं चौदा दिवसांत चार अहवाल जातात, दुसऱ्या अर्थानं एकच.

आपल्याकडे रेल्वेनं यातला एक अर्थ पक्का केला आहे. नाशिकरोड स्टेशनावर कुणी 'बायवीकली' गाडी म्हणालं तर ती आठवड्यातले ठरलेले दोन दिवस धावणारी असते, 'ट्रायवीकली' तीन दिवस. अमेरिकेत मात्र पगाराच्या बोलण्यात 'बायवीकली' म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला २६ पगार. महिन्यातून दोनदा मिळणाऱ्या पगाराला तिथे 'सेमीमंथली' म्हणतात, त्याचे होतात २४. ब्रिटिश माणूस 'फोर्टनाइट' म्हणून मोकळा होतो. जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्री' या शब्दांचं ते आक्रसलेलं रूप आहे. ती माणसं दिवस मोजताना रात्री मोजायची. सात रात्रींचा 'सेनाइट' हा शब्दही होता, तो वापरातून गेला.

त्यांचे चौदा आणि आपले पंधरा, हे कसं? मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे. मागे गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मी विळीचं पातं बसवायला दिलं. कारागीर म्हणाला, "आठ दिवसांनी घेऊन जा." मी विचारलं, म्हणजे गुरुवारी? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागला. बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, सोम, मंगळ, बुध. आठवं पेर बुधवारचंच होतं. निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस, दोन्ही धरायचे. सात दिवसांच्या 'आठवड्या'त आठ येतो तो या हिशेबानं, आणि त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत पेरं मोजली की बरोबर पंधरा होतात. फ्रेंच माणूसही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतो. प्राचीन रोमचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा आणि त्याच्या नावात नऊ होता. कारण तेच, दोन्ही टोकं धरून मोजणं.

पण इथे एक सावधगिरी हवी. 'पंधरा दिवसांनी' आणि 'पंधरवडा' हे व्यवहारात दरवेळी एक नसतात. 'ऑगस्टचा पहिला पंधरवडा' म्हणताना आपण महिना मधोमध कापतो. एखादं पाक्षिक १ आणि १६ तारखेला निघत असेल तर वर्षाचे अंक २४ होतात. एक बुधवार सोडून पुढच्या बुधवारी असं मोजत गेलात तर २६. बिलं, हप्ते, पगार असा पैशाचा मामला असेल तर हा दोनचा फरक कुणाच्या तरी खिशातून जातो.

आता मराठी प्रतिशब्द. नियतकालिकांच्या नावांनी आपल्याला चांगली घडी घालून दिली आहे. द्वैमासिक दोन महिन्यांतून एकदा, त्रैमासिक तीन महिन्यांतून, षण्मासिक सहा महिन्यांतून. संख्या मोठी झाली की मधलं अंतर वाढतं. काळ कापायचा असेल तर 'अर्ध' लावायचा, अर्धवार्षिक. या घडीला तडा जातो तो 'द्विसाप्ताहिक'नं. गाड्यांच्या बातम्यांत हा शब्द आठवड्यातून दोनदा या अर्थानं येतो, म्हणजे 'द्वैमासिक'च्या बरोबर उलट्या दिशेनं. बायवीकलीचं भूत आपल्या घरात शिरलं ते या दारानं. माझं मत विचाराल तर हा शब्द वापरूच नये.

'बायअ‍ॅन्युअल' आणि 'बायेनियल' ही जोडी मात्र नाशिककरांना सहज लक्षात ठेवता येईल. पहिला शब्द साधारणपणे वर्षातून दोनदासाठी, दुसरा दोन वर्षांसाठी. द्राक्षबागेची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, म्हणून ती बायअ‍ॅन्युअल. लासलगावच्या बाजारात येणारा कांदा बायेनियल. पहिल्या हंगामात तो पोसतो, आणि जमिनीत राहू दिला किंवा परत लावला तर पुढच्या हंगामात डेंगळा येऊन त्याचं बी धरतं. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत त्याला द्विवर्षायू म्हणतात.

तुम्हाला हवं ते मराठीत एका शब्दात मावत नाही, आणि माझ्या मते तेच आपलं बळ आहे. 'आठवड्यातून दोनदा' यातला 'तून' सांगतो की आठवडा हे भांडं, त्यातून दोन खेपा काढायच्या. 'दोन आठवड्यांतून एकदा' म्हटलं की भांडंच मोठं झालं. प्रत्ययानं हिशेब बांधून टाकला, शंकेला जागा उरली नाही. 'दा'ची तर मला फार माया वाटते. इंग्रजीत वन्स, ट्वाइस, थ्राइस इथे गाडी थांबते, आणि थ्राइससुद्धा आता आपल्याकडेच जास्त ऐकू येतो. आई मुलाला 'पन्नासदा सांगितलं तुला' म्हणते तेव्हा 'दा' कुठेही अडत नाही.

'आड'ही तसाच नेमका. नळाला दिवसाआड पाणी म्हणजे सोमवारी आलं की बुधवारी येणार, मंगळवार आड गेला, ढगाआड सूर्य जावा तसा. दोन दिवसांआड म्हणजे सोमवारनंतर थेट गुरुवार. काही जण 'दोन दिवसांआड' म्हणतात आणि त्यांच्या मनात एकच कोरडा दिवस असतो. तिथे आड गेलेले दिवस मोजून पाहावेत, पाणी आलेले नव्हेत.

तर ताई, साहेबांना कोशातले दोन्ही अर्थ दाखवा. आणि खरेदीदाराला इंग्रजीतच लिहायचं असल्यानं आकडा आणि विशेषण दोन्ही टाळून सरळ वार लिहा: अहवाल दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी पाठवू. पंधरा दिवसांचा करार असेल तर पहिली तारीख घाला आणि त्यानंतर 'एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी' असं लिहा. पुढच्या हंगामात कुणी पुन्हा बायवीकली लिहिलं, तर पहिली पेटी भरण्याआधीच त्याला विचारा, कोणकोणत्या वारी?