फायबरची गाडी, टर्बोचं इंजिन

प्रश्न : वडिलांची सिपानी डॉल्फिन ही जुनी कार आहे, बॉडी फायबरची. टर्बो पेट्रोल इंजिन बसवता येईल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी ताडदेव आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार पूर्वपरवानगीशिवाय इंजिनाला हात लावू नका.

मूळ इंजिन ८४८ सीसीचं. भार चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा पेलते, म्हणून नवे माउंटिंग तिलाच वेल्ड करा. खरा शत्रू उष्णता. इंजिनाच्या जळक्या वायूवर फिरणारा टर्बो तापून लाल होतो. परळच्या ट्रॅफिकमध्ये वारा नसतो, मग बॉनेटच्या फायबरला धरून ठेवणारी रेझिन मऊ पडते, रंगाला फोड येतात. मध्ये पत्र्याची हीट शील्ड हवीच. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला करंट परत नेणारी वेगळी अर्थ वायर ओढा. आणि ब्रेक वाढवल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर काढू नका, हे मी कळकळीने सांगतो.