दुर्बिणीचा व्यास, विजयदुर्गाचे ओटे आणि काक्षीचे भवितव्य

या वेळी आलेल्या पत्रांत दुर्बीण खरेदीविषयीची पत्रे नेहमीप्रमाणे सर्वाधिक आहेत. त्यांतले एक प्रातिनिधिक पत्र आरंभी घेऊन मग इतर प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : मुलगी नववीत आहे आणि तिला आकाश पाहण्याची आवड आहे. 60 मिलिमीटर भिंगाची, ‘525 पट मोठे दाखवणारी’ दुर्बीण ऑनलाइन स्वस्तात मिळते. आम्हाला इमारतीच्या गच्चीवर जाता येते. ही दुर्बीण घ्यावी का? (एक पालक, कांदिवली)

उत्तर : ही घेऊ नये. वस्तू मोठी करून दाखवणे हे दुर्बिणीचे दुय्यम काम आहे. मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे, आणि तो किती गोळा होणार हे समोरच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. पूर्ण अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात जमा होत असल्यामुळे 60 मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या सुमारे 70 पट, तर 150 मिलिमीटरचा आरसा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. पट मात्र नेत्रिका, म्हणजे डोळ्याशी लावायचे भिंग, बदलून कागदावर हवी तेवढी वाढवता येते, आणि खोक्यावरचा 525 हा आकडा तशाच हिशेबातून आलेला असतो. व्यासाचे जितके मिलिमीटर असतील त्यांच्या दुपटीपलीकडे पट नेली तर नवा तपशील दिसत नाही, म्हणजे 60 मिलिमीटरच्या भिंगाला 120 पट ही मर्यादा झाली. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते आणि अंधूक होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तारा मोठा दिसेल ही अपेक्षाही आधीच सोडून द्यावी. सूर्याच्या कित्येक शेकडा पट व्यासाचा, मृग नक्षत्रातल्या काक्षीसारखा (बीटलज्यूज) ताराही इतका दूर आहे, की घरगुती दुर्बिणीतून तो बिंदूच राहतो. चंद्रावरची विवरे, गुरूचे चार मोठे चंद्र आणि शनीची कडी मात्र कांदिवलीहून उत्तम दिसतील, कारण शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचा ग्रहांना फारसा त्रास होत नाही. तो होतो दीर्घिका आणि तेजोमेघ यांसारख्या पसरट, मंद वस्तूंना. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ त्यातल्या त्यात तेजस्वी असल्याने उपनगरातूनही दिसतो, पण करडा धुक्याचा ठिपका म्हणून. छायाचित्रांतले गुलाबी-निळे रंग कॅमेऱ्याने मिनिटे, कधी तास साठवलेल्या प्रकाशातून येतात. डोळ्याला अशी साठवण करता येत नाही.

माझा सल्ला असा, की आधी 10 × 50 ची (10 पट दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री घ्यावी, वर्षभर नक्षत्रे ओळखावीत आणि आवड टिकली तर 150 मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली, दुर्बीण घ्यावी. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर बराच वेळ उष्णता सोडत राहते आणि त्या हवेत प्रतिमा थरथरते, म्हणून निरीक्षण उशिरा सुरू करावे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेमुळे भिंगांना बुरशी लागते. सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ती ठेवावीत. सूर्याकडे दुर्बीण रोखायची असेल तर खास सौर फिल्टर पुढच्या तोंडाशीच बसवलेला हवा. नेत्रिकेवर बसवायचा काळा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो आणि तसे झाल्यास डोळा जातो.

प्रश्न : आपण पाहतो त्यांतले बरेच तारे प्रत्यक्षात केव्हाच नष्ट झालेले असतात, असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांपुरते बोलायचे तर जवळजवळ निश्चितपणे नाही. प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. सूर्यावरून आपल्यापर्यंत यायला त्याला 8 मिनिटे 20 सेकंद लागतात, व्याधापासून साडेआठ वर्षांहून थोडी अधिक आणि मृगातल्या निळसर राजन्यापासून सुमारे 860 वर्षे. राजन्याचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा ठाणे-मुंबईच्या परिसरावर शिलाहारांची सत्ता होती. माणसाच्या दृष्टीने हा काळ मोठा आहे. परंतु नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक सर्व तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि अत्यंत अल्पायुषी ताऱ्याचे आयुष्यही काही दशलक्ष वर्षांचे असते. प्रकाश वाटेत असतानाच तारा संपला, असे घडण्याची शक्यता त्यामुळे अगदीच क्षुल्लक उरते. ही समजूत काव्याला सोयीची आहे, इतकेच.

प्रश्न : विजयदुर्ग किल्ल्यावर 1868 साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यग्रहण पाहून हेलियम शोधला, असे आम्हाला सहलीत सांगण्यात आले. तिथले ‘साहेबाचे ओटे’ही दाखवले. इंग्लंडमधील पुस्तकांत हा उल्लेख का सापडत नाही? (एक शिक्षिका, दादर)

उत्तर : आपली शंका योग्य आहे. या कथेत दोन वेगळी ग्रहणे एकमेकांत मिसळली आहेत.

18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन यांनी ते आंध्रातील गुंटूरहून वर्णपटमापकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिले. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या वायूच्या ज्वाळांचा वर्णपट तेजस्वी रेषांचा आहे, म्हणजे त्या तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी अनेकांच्या लक्षात आले. जान्सन यांचे वेगळेपण असे, की या रेषा इतक्या ठळक असतील तर त्या पाहायला ग्रहणाची गरजच काय, असा विचार करून त्यांनी दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी 20 ऑक्टोबर 1868 रोजी तिथूनच, ग्रहणाविना, त्याच रेषा पाहिल्या आणि योगायोगाने दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्यांतली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण त्यांच्या जागी नव्हती. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश देते, त्यामुळे जागा जुळत नाही म्हणजे मूलद्रव्य वेगळे, असा निष्कर्ष लॉकियर यांनी काढला. अनेक रसायनशास्त्रज्ञांना तो पटला नाही. विल्यम रॅम्झे यांना 1895 साली युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला.

लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरे, पण हा वाद मिटल्यानंतर तीन वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांची त्यांना मदत होती. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊरहून केले होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ओट्यांचा संबंध 1898 च्या मोहिमेशी लावणेच कालक्रमाला धरून होईल. विद्यार्थ्यांना किल्ल्यावर जरूर न्यावे आणि तारीख दुरुस्त करून सांगावी.

प्रश्न : काक्षी तारा लवकरच फुटणार आहे का? सूर्यही असाच फुटेल का? (एक विद्यार्थी, चेंबूर)

उत्तर : 2019 च्या अखेरीस काक्षी ठळकपणे मंदावला, तेव्हा ही चर्चा सुरू झाली, पण त्याने बाहेर फेकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आल्याने तसे घडले, असे निरीक्षणांवरून दिसते. तो फुटणार हे नक्की, परंतु ‘लवकर’ म्हणजे येत्या सुमारे लाखभर वर्षांत केव्हातरी.

ताऱ्याचे भवितव्य त्याचे वस्तुमान ठरवते. गुरुत्वाकर्षण त्याला सतत आत दाबत असते आणि गाभ्यातल्या संमीलनातून, म्हणजे हलके अणुगर्भ जुळून जड होण्यातून, निघणारी ऊर्जा तो दाब तोलून धरते. वस्तुमान जास्त असेल तर गाभा अधिक तापतो आणि इंधन त्याहून कितीतरी झपाट्याने संपते. सूर्याला हायड्रोजन सुमारे 1000 कोटी वर्षे पुरेल, त्यांपैकी 460 कोटी वर्षे झाली आहेत. काक्षीचा हायड्रोजन काही दशलक्ष वर्षांतच आटोपला. सूर्य फुटणार नाही. तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर हळूहळू सोडून देईल आणि श्वेतबटू, म्हणजे पृथ्वीएवढा दाट गाभा, उरेल. मात्र त्याचे तेज आताच मंदगतीने वाढत असल्याने पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या बऱ्याच आधी, सुमारे 100 कोटी वर्षांत संकटात येतील.

काक्षीसारख्या ताऱ्यात हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे एकेक इंधन पूर्वीच्यापेक्षा वेगाने संपत जाते आणि लोखंडाशी हा क्रम थांबतो, कारण लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. असा गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पट झाला की सेकंदाच्या आत कोसळतो. या मर्यादेचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मांडायला घेतले. ते मूळ श्वेतबटूंविषयीचे होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्याची जाहीर थट्टा केली आणि नोबेल मिळायला 1983 उजाडले.

काक्षी फुटला तर अर्ध्या चंद्राइतका तेजस्वी होऊन दिवसाही दिसेल. अंतर 500 प्रकाशवर्षांहून अधिक असल्याने आपल्याला धोका नाही. पूर्वसूचना न्यूट्रिनो, म्हणजे कोसळत्या गाभ्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण, देतील: 1987 च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, तारा फुटला, तेव्हा ते प्रकाशाच्या काही तास आधी पोहोचले होते. जूनमध्ये सूर्य आकाशात काक्षीच्या जवळ असतो, आणि मुंबईत तेव्हा ढग. त्या महिन्यात स्फोट झाला तर आपल्या वाट्याला बातमीच येईल.

प्रश्न : ढगांतूनही काम करणारी दुर्बीण महाराष्ट्रात आहे म्हणतात. ती पाहता येते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीविषयी विचारत आहात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची असून त्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. रेडिओ लहरीही प्रकाशच, फक्त तरंगलांबी फार मोठी. म्हणून ढगांचा अडथळा त्यांना जवळजवळ होत नाही. फुटलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, म्हणजे स्पंदतारे, अभ्यासायला ही दुर्बीण विशेष उपयोगी पडते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते. तबकड्यांच्या परिसरात मोबाइल पूर्ण बंद ठेवावा लागतो, कारण दूरच्या ताऱ्याकडून येणाऱ्या लहरींपुढे एका फोनचा संदेशही अतिप्रचंड ठरतो.