विचारा, सांगते : कूलरमधला चाकू

प्रश्न : आम्ही उत्तर नागपुरात राहतो. मुलगा १७ वर्षांचा, अकरावीत कॉलेज सोडलं. मार्चमध्ये कूलरचं जुनं गवत बदलायला ताटी उघडली, तर आत पेपरात गुंडाळलेला चाकू. म्हणतो, "भाऊचा आहे, मी फक्त ठेवून राहिलो." भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नाही, वस्तीतला दादा. मागे दोन वस्त्यांच्या पोट्ट्यांत मारामारी झाली, एकाला बावीस टाके पडले. आता वस्तीतले म्हणतात, पोलिसांत जाऊन काही होत नाही, आपणच बंदोबस्त करू, कस्तुरबानगरसारखा. त्यांच्या तोंडी माझ्या मुलाचंही नाव आहे. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, आधी कस्तुरबानगरचं बोलते, कारण ते नाव आपल्याकडे फार सहज घेतलं जातं. १३ ऑगस्ट २००४ ला त्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादवला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावानं ठार मारलं. त्यात बाया पुढे होत्या. वर्षानुवर्षं त्याचा जाच सोसून, तक्रारी करून थकल्या होत्या त्या. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण पुराव्याअभावी आरोपी सुटायला २०१४ उजाडलं. दहा वर्षं तारखा. आणि अक्कू तिशी ओलांडलेला गुंड होता. तुमच्या वस्तीत ज्यांचा 'बंदोबस्त' करायचा म्हणतात, त्यांना अजून नीट मिशा फुटल्या नाहीत.

मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पोरांची घरची चौकशी करणारी, म्हणून सव्वीस वर्षं अशा पोरांच्या घरी जात होते. पोट्टा चाकूपासून सुरू होत नाही, बापा. तो पानठेल्यापासून सुरू होतो. आधी खर्रा (तंबाखू-सुपारी) उधार. मग एक दिवस ठेलेवाला म्हणतो, "तुझे पैसे भाऊनं दिले." मग गाडीत पेट्रोल, मग वाढदिवसाला चौकात केक, तोही तलवारीनं कापलेला, आणि त्याचा व्हिडिओ. एवढं झाल्यावर कोणी म्हणालं, "हे दोन दिवस घरी ठेव", तर तो नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? भाऊ स्वतः चाकू बाळगत नाही. पोरं अठराच्या आतली आहेत, त्यांना काही होत नाही, हा त्याचा हिशेब.

तो हिशेब चुकीचा आहे, हे मुलाला तुम्ही सांगा. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ पूर्ण झालेल्या मुलाकडून खुनासारखा गंभीर गुन्हा घडला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करून त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायला बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. त्याच कायद्यात कलम ८३ आहे. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड. वस्तीच्या बैठकीत पोरांच्या नावांची यादी होते, या माणसाचं नाव मात्र कोणी घेत नाही. गणपतीची वर्गणी तोच देतो ना!

माझी एक चूक सांगते. एका मुलाला मी काटोलला मामाकडे पाठवायला लावलं होतं. दोन महिन्यांत परत आला. ठेल्यावरची उधारी तशीच होती, आणि भाऊनं ती मोजून ठेवली होती. पुढचं लिहवत नाही.

म्हणून चाकू नाल्यात फेकू नका, धुऊ नका, हातही लावू नका. त्या मारामारीत तो वापरला असेल, तर फेकणारी तुम्ही अडकाल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाया आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकील सोबत घेऊनच ठाण्यात जा आणि बालकल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा, प्रत्येक ठाण्यात एक असतो. मुलाला ताब्यात घेतलंच, तर कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत मंडळापुढे उभं करावं लागतं. हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

वस्तीतल्यांना काही करायचंच असेल, तर काम आहे. विजय बारसे सरांनी २००१ पासून इथल्याच झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं. छानच. पण फुटबॉल संध्याकाळी सहाला संपतो आणि आपल्या पोरांची अडचण रात्री आठ ते अकरा. त्या वेळी चौकातल्या बाकावर चार बाप बसू देत. भाषण नको, नुसतं बसायचं. एका वस्तीत मी हे पाहिलं. पहिल्या आठवड्यात पोरं हसली, तिसऱ्या आठवड्यात भाऊची गाडी दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागली. बापांना मात्र फार दिवस जमलं नाही, आयपीएल सुरू झालं.

आणि तुम्ही आज एवढं करा. मुलाला न विचारता ठेल्यावर जा आणि त्याच्या नावाची वही बघायला मागा. आकडा किती निघतो, आणि मधले पैसे कोणाच्या नावे जमा आहेत, ते मला कळवा.