सॅटेलाइट म्हातारा झाला म्हणून टीव्हीचं चित्र फुटतं का?

तुम्ही लिहिलंय ते असं : गोव्यात साखळीजवळच्या घरावर नऊ वर्षांपूर्वी बसवलेली फ्री डिशची छत्री आहे. यंदा जूनपासून चित्राचे चौकोन पडतात, वारा सुटला की आवाज अडखळतो, पाऊस थांबला तरी अर्धा-पाऊण तास काही दिसत नाही. बघायला आलेल्या माणसाने छत्रीला हातही न लावता सांगितलं, "वरचा सॅटेलाइट म्हातारा झाला, त्यात आता दम नाही. पैसे भरून दुसरं कनेक्शन घ्या."

मी डिचोली-सत्तरी भागात वीसेक वर्षं छत्र्या बसवतोय. इस्रोत माझं कोणी नाही, पण ज्याच्याकडे तोंड करून रोज पाना फिरवायचा त्याची माहिती ठेवावी लागते. त्या माणसाचं अर्धं वाक्य खरं आहे. उपग्रह म्हातारा होतो. पण तो म्हातारा झाल्यामुळे एकट्या तुमच्याच घरातलं चित्र फुटत नाही.

आधी सर्वांत सोपी परीक्षा. वाड्यावर आणखी कोणाकडे फ्री डिश असेलच. तुमचं चित्र फुटलं की लगेच फोन करून विचारा. त्यांच्याकडे नीट दिसत असेल तर वर बघायचं कारणच नाही. सगळ्या छत्र्या त्याच एका उपग्रहाकडे बघतात. तो खरोखर आजारी पडला तर साखळीपासून सिल्चरपर्यंत एकाच क्षणी बोंब उठेल.

फ्री डिशचा तो उपग्रह म्हणजे जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरूहून एरियन-५ रॉकेटने गेला. वजन ३१६४ किलो, केयू बँडचे (म्हणजे घरच्या लहान छत्रीला पकडता येणाऱ्या लहरींचे) २४ ट्रान्सपॉन्डर (खालून आलेला सिग्नल वाढवून परत खाली पाठवणारे संच), जागा ९३.५ अंश पूर्व रेखांश, विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. नेमून दिलेलं आयुष्य १२ वर्षं, म्हणजे हिशेबाने २०२७. तुमच्या माणसाने हाच आकडा कुठेतरी ऐकला असावा. पण हा आकडा औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा नाही. त्याच जागेवर आधी जो होता त्याची गोष्ट सांगतो, मग कळेल.

तो इन्सॅट-४बी. मार्च २००७ मध्ये गेला. १२ ट्रान्सपॉन्डर केयू बँडचे, १२ सी बँडचे, म्हणजे मोठ्या छत्रीच्या लहरींचे. ७ जुलै २०१० ला त्याच्या दोन सौर पंखांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि २४ पैकी १२ ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. मला तो आठवडा चांगला आठवतो. भर पावसाळा. एका खासगी सेवेच्या गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. मी आणि माझा पोरगा शिडी घेऊन भिजत फिरतोय, एलएनबी (छत्रीच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बदलतोय, कनेक्टर बदलतोय आणि पावसाला शिव्या घालतोय. तिसऱ्या घरात तीच कथा ऐकली तेव्हा ट्यूब पेटली, की बिघाड आपल्या हाताच्या आवाक्यातला नाही. पुढे ती सेवा मेसॅट-३ या दुसऱ्या उपग्रहावर, ९१.५ अंशांवर गेली. फरक दोनच अंशांचा, पण प्रत्येक छत्री पुन्हा चढून जराशी वळवायची. पावसाळाभर दुसरं काम केलं नाही.

आता गंमत बघा. अर्धांगवायू झालेला तो इन्सॅट-४बी त्यानंतर अकरा वर्षांहून जास्त जगला. उरलेले ट्रान्सपॉन्डर फिके पडले नाहीत. जे चालू होते ते पूर्ण ताकदीने चालू, जे बंद ते बंद. उपग्रहातल्या बिघाडाची चाल बहुधा अशीच असते. सौर पेशी अंतराळातल्या किरणोत्सर्गाने दरवर्षी थोड्या मंदावतात हे खरं, पण शेवटच्या वर्षी किती वीज लागणार ते धरूनच पंख बनवतात. सिग्नल वाढवणारी एखादी ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब गेली तर तिच्या जागी जोडायला राखीव नळ्या असतात. उलट तरुण उपग्रहही पटकन जातो : १९९७ मध्ये इन्सॅट-२डी वीजपुरवठ्याच्याच बिघाडाने चार महिन्यांत गेला, आणि त्याची जागा भरायला १९९२ चा अरबसॅट-१सी विकत घेऊन त्याचं नाव इन्सॅट-२डीटी ठेवलं. सेकंडहँड उपग्रह! म्हातारा असला तरी काम करत होता म्हणूनच घेतला ना?

मग म्हातारपण नक्की कशाचं? मुख्यतः इंधनाचं.

लोकांना वाटतं की वर गेला की उपग्रह एका जागी खिळा ठोकल्यासारखा राहतो. राहत नाही. मांडवीला भरती आणणारा चंद्र त्यालाही ओढतो, सूर्यही ओढतो. नुसता सोडून दिला तर त्याची कक्षा वर्षाला पाऊण-एक अंश कलते, आणि तो आकाशात रोज उत्तर-दक्षिण इंग्रजी आठच्या आकड्यासारखा डोलू लागतो. तुमच्या-आमच्या दोन फुटी छत्रीला मान हलवता येत नाही, म्हणून त्यालाच जागेवर ठेवावं लागतं. तिथे ०.१ अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. एवढ्या अंगणात त्याला राखायचं तर कर्नाटकातल्या हासन किंवा भोपाळच्या केंद्रातून अधूनमधून छोटी इंजिनं पेटवावी लागतात. जागेवर पोहोचल्यावर टाकीत उरलेलं बरंचसं इंधन यातच खर्ची पडतं.

आणि टाकीत किती उरलं ते काट्यावर दिसत नाही, कारण वजनरहित जागी इंधन तळाला बसत नाही. म्हापशाच्या स्टँडवरचा एखादा जुना पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, आठवा. गाडीचा पेट्रोलचा काटा दहा वर्षांपूर्वी मेलेला, पण गेल्या वेळी कधी भरलं, किती फेऱ्या झाल्या, यावरून तो बरोबर सांगतो की पर्वरीची चढण निघेल की नाही. इंजिनिअर तेच करतात : इंजिनं आजवर किती सेकंद पेटली त्याची वही, आणि टाकीतला दाब व तापमान. त्या अंदाजातून शेवटच्या प्रवासापुरतं इंधन बाजूला ठेवतात. इन्सॅट-४बी ला जानेवारी २०२२ मध्ये १७ ते २३ तारखेपर्यंत अकरा वेळा इंजिनं पेटवून नेहमीच्या कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेलं, वाट मोकळी केली, आणि २४ जानेवारीला बंद केलं. सेवा आधीच दुसऱ्या उपग्रहांवर गेल्या होत्या. नेमलेली १२ वर्षं, जगला पंधराच्या आसपास, तेही अर्ध्या अंगाने.

बॅटरीबद्दलही कोणीतरी तुम्हाला घाबरवेल, म्हणून तेही सांगतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, प्रत्येक वेळी साधारण ४५ दिवस, उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. आपल्या घड्याळात ते रात्री सव्वाअकराच्या आगेमागे. तेवढा वेळ तो बॅटरीवर चालतो, आणि तुमच्या घरात कोणाला पत्ताही लागत नाही. याच दिवसांत, आपल्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपता-संपता, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा मात्र फोन येतात की सॅटेलाइट बिघडला. तो ठणठणीत असतो. छत्रीच्या तोंडावर सूर्य येऊन उभा राहिलेला असतो, एवढंच.

आता तुमच्या छत्रीकडे येऊ. वाऱ्याने अडखळतं, पाऊस थांबल्यावरही येत नाही, आणि हे जूनपासून. नुसत्या पावसाने सिग्नल गेला असता तर जोर ओसरल्यावर पाचेक मिनिटांत परत आला असता. म्हणजे पाणी कुठेतरी अडकून राहतंय. माझा पहिला संशय माडावर.

हसू नका. गोव्यातून ९३.५ अंशांचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून ६१ अंशांवर दिसतो, म्हणजे चांगलाच वर. पण ही छत्री तिरप्या घडणीची असते : तिचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते. म्हणून माणूस छत्रीच्या मागे उभा राहतो, समोर बघतो आणि म्हणतो, "पुढे तर काहीच नाही." आडवी येणारी झावळी त्याच्या डोक्यावर असते. हिशेब सोपा आहे : छत्रीपासून दहा हात लांब असलेली झावळी छत्रीपेक्षा अठरा हात उंच गेली की वाटेत आली. नऊ वर्षांपूर्वी तो माड तुमच्या खांद्याएवढा असेल, आता तो पोहोचला. सुकी झावळी थोडं खाते, ओली बरंच, आणि वाऱ्यात ती आत-बाहेर करते. जुन्या टीव्हीवर अशा वेळी मुंग्या आल्या असत्या, तरी चित्र दिसलं असतं. डिजिटलला मधली अवस्था नाही. एका मर्यादेपर्यंत स्वच्छ, त्याखाली चौकोन, मग काळोख.

दुसरा संशय एलएनबीच्या खालच्या कनेक्टरवर. आपल्याकडची हवा दमट, तांब्याची तार हिरवी पडते आणि पाणी केबलच्या पोटातून बॉक्सपर्यंत उतरतं. कनेक्टर काढून बघा. तार काळी-हिरवी दिसली तर वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावायचा, वर टेप, आणि केबलला खाली एक वळसा द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. खर्च किरकोळ.

क्रम असा ठेवा की आधी उघडीप असताना बॉक्सच्या मेनूत सिग्नलची क्वालिटी किती दाखवते ते लिहून ठेवा. मग झावळ्या उतरवा, पुन्हा बघा. आकडा चढला तर माझ्यासारख्याला बोलावायची गरजच नाही. नाही चढला तर कनेक्टर, आणि त्यानेही नाही झालं तर एलएनबी. काही मोजकीच चॅनल येत नसतील आणि बाकीची स्वच्छ असतील, तर बॉक्स चित्र उलगडण्याच्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीचा असण्याची शक्यता आहे, नव्या पद्धतीची चॅनल त्याला उलगडत नाहीत. तोही सॅटेलाइटचा दोष नव्हे.

माडावर चढणाऱ्या पाडेल्याला मात्र आजच सांगून ठेवा. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की तो कोणाच्या हाती लागत नाही.