पावसाळ्यात सुटलेली घोडी

प्रश्न : आमच्याकडे वरातीची एक ठेंगणी घोडी आहे. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत तिला काम असते. आषाढ लागला की ती दिवसभर धुऱ्यावर चरते, आणि दोन किलो भिजवलेल्या हरभऱ्याची चंदीही रोज चालूच असते. यंदा आयाळीखाली तिची मान जाड व कडक झाली आहे, तंग (खोगिराचा पोटपट्टा) दोन भोके सैल करावा लागतो आणि मुरुमाच्या रस्त्यावर ती पुढचे पाय जपून टाकते. गावात कोणी आठ दिवस उपाशी ठेवायला सांगतात, तर कोणी नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर. काय करावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : वजनाचे नंतर पाहू, आधी पाय पाहा. खूर हाताला गरम लागत असेल आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी ठसठशीत उडत असेल, तर खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पडद्यांना सूज आलेली असण्याची दाट शक्यता आहे. पशुवैद्यक याला लॅमिनायटिस म्हणतात. आजच त्यांना बोलवा, आणि ते येईपर्यंत तिला मऊ, जाड अंथरलेल्या जागेवर बांधून चंदी व चरणे दोन्ही थांबवा. या अवस्थेत चरबी उतरवण्यासाठी तिला फिरवणे म्हणजे दुखण्यावर घाव घालणे होय.

उपाशी मात्र मुळीच ठेवू नका. घोडी बैलासारखी रवंथ करत नाही. तिचे पोट लहान असते, त्यात आम्ल सतत पाझरत असते, म्हणून तिला दिवसभर थोडे थोडे चघळायला लागते. शिवाय लठ्ठ ठेंगण्या घोड्यांचा चारा एकदम तोडला, तर अंगातील चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होते आणि जनावर दगावते. घोडी गाभण असेल तर हा धोका अधिक. कमी करायची ती चंदी, चारा नव्हे. काम नसलेल्या जनावराला हरभरा आणि गूळ लागत नाही, हे मायेपोटी आपल्याला पटत नाही, पण तेच खरे आहे.

चारा अंदाजाने न देता तोलून द्या. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलोतील अंदाजे वजन. घेर 150 आणि लांबी 132 असेल तर वजन 250 किलो भरते. त्याच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे चार किलो वाळले गवत, दिवसाच्या चार-पाच वेळांत विभागून द्या. ते तासभर पाण्यात भिजवून निथळले की त्यातील बरीच साखर उतरते. मात्र पावसाळी दमटपणात ते लवकर आंबते, तेव्हा लगेच खाऊ घाला. बुरसलेले कुटार तिच्यापुढे येऊ देऊ नका.

नुसता कोंडाही नको. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असल्याने शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते आणि कालांतराने चेहऱ्याची हाडे फुगतात.

पाय पूर्ण बरा झाल्यावर पशुवैद्यकांच्या संमतीने तिला पहाटे थोडा वेळ चरायला सोडा, कारण दिवस चढतो तशी गवतात साखर साठत जाते. डवरणीच्या बैलाला बांधतो तसे मुसके बांधले तरी चालेल, पण त्यातून पाणी पिता आले पाहिजे आणि चार काड्या तोंडात गेल्या पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी त्याच टेपने घेर मोजून लिहून ठेवा. तुळशीच्या लग्नाआधी काम सुरू होईल तेव्हा चंदी मूठमूठ वाढवत दोन आठवड्यांत नेहमीच्या मापावर आणा.