ग्राहकाच्या खासगी माहितीला युरोप, अमेरिका आणि भारत यांपैकी कुठे जास्त कायदेशीर संरक्षण आहे?

दंडाच्या आकड्यांवरून हे ठरवू नका. कुठलाही कायदा वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधते: ग्राहक गप्प राहिला, तर त्याचा अर्थ काय लावतात?

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. तिथे संमती घ्यायची तर ग्राहकाने स्वतःहून 'हो' म्हणावं लागतं. आधीच टिक करून ठेवलेली चौकट संमती ठरत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कंपनीचे 'वैध हितसंबंध' असं कारण देऊन संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट मात्र उघडी आहे आणि तिचा वापर सढळ हाताने होतो, हे मला खटकतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नेमकं उलट. तिथला कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. प्रौढ ग्राहकाने 'विकू नका' म्हणेपर्यंत त्याची माहिती विकता येते. सोळा वर्षांखालच्यांसाठी आधी परवानगी लागते. पण ब्राउझरमधून एकदाच नकाराचा संदेश चालू केला, की कायद्याखाली येणाऱ्या कंपन्यांना तो पाळावाच लागतो. प्रत्येक साइटवर वेगळं भांडायला नको. ही सोय मला फार मोलाची वाटते. बाकी अमेरिकेत राज्य बदललं की हक्क बदलतात, कारण देशभर लागू होणारा सर्वसमावेशक कायदाच नाही.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, कायदा २०२३ मध्ये आला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. संमतीची व्याख्या चांगली आहे. पण २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात भरपाई नाही. जीडीपीआरच्या कलम ८२ मध्ये ती आहे. उलट खोटी तक्रार केली म्हणून आपल्याकडे ग्राहकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सामान्य माणूस तक्रार करायलाच कचरेल, अशी मला भीती वाटते.

म्हणून माझं उत्तर युरोप. तुम्ही तिथे राहत असाल तर एखाद्या कंपनीला ईमेल करून 'माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या' असं मागा. साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, तेही फुकट. कॅलिफोर्नियात हीच मुदत ४५ दिवसांची आहे.